डाव्या चाकाचा आतला पॅड

पावसाळा संपत आला तशी आमची वॅगन-आर चिरकायला लागली. ब्रेक अलगद दाबला की "चीं", जोरात दाबला की आवाज गायब. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते भरायला लागतात. बजाजनगर, लक्ष्मीनगरात गाडी दोन हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते. त्या चालीत हा आवाज आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जायचा. एका ऑटोवाल्याने सिग्नलला हात दाखवून मला काच खाली करायला लावली. "भाऊ, समोरचे पॅड पाहून घ्या. वाजून राहिले." सिग्नल सुटला, तो निघून गेला, निदान मात्र फुकटात आणि बिनचूक करून गेला.

हा आवाज बिघाडाचा नसतो, मुद्दाम ठेवलेला असतो. चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन बाजूंनी दाबून धरतात ते पॅड. पॅडच्या लोखंडी पाठीला पत्र्याची एक छोटी जीभ बसवलेली असते. पॅडचा घासणारा थर झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती जीभ डिस्कला टेकते आणि किंचाळते. नव्या पॅडवर हाच थर साधारण दहा मिलिमीटर असतो. म्हणजे आवाज आला म्हणून गाडी जागच्या जागी उभी करायची गरज नाही, पण "दिवाळी होऊन जाऊ दे, मग पाहू" म्हणण्याइतकीही सवड नाही. चिरकणं थांबून खरखर सुरू झाली, तर मग लोखंडावर लोखंड घासतंय आणि डिस्क कामातून गेली समजायचं.

घरी आल्यावर चाकाची प्लास्टिकची टोपी काढली आणि रिमच्या भोकातून टॉर्च मारून पाहिलं. बाहेरच्या बाजूचा पॅड दिसला, तर तो चांगला निम्मा शिल्लक. उजव्या चाकाचंही तेच. मग वाजतंय काय?

दुसऱ्या दिवशी एका सर्व्हिस सेंटरवर नेली. तिथल्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मी सांगितलेला आवाज कागदावर लिहून घेतला आणि चाक न खोलताच एस्टिमेट दिलं. पॅडचा सेट, दोन्ही डिस्क, ब्रेक ऑइल, क्लिनिंग, लेबर मिळून नऊ हजारांच्या वर. डिस्क कशाला, विचारलं तर म्हणाले, "सर, पॅडसोबत करूनच टाका, नंतर प्रॉब्लेम नको." प्रॉब्लेम काय आहे ते अजून कोणी पाहिलंच नव्हतं. वर दिवाळीच्या गर्दीमुळे गाडी दोन दिवस ठेवावी लागेल म्हणाले. मी चावी परत घेतली.

मी काही मेकॅनिक नाही. पण इंजिन ऑइल, फिल्टर, बॅटरी, बल्ब ही कामं वर्षानुवर्षं घरीच करत आलोय आणि हत्यारांची पेटी बऱ्यापैकी भरलेली आहे. ब्रेकचं काम घरी करावं का, यावर लोक दोन टोकांचं बोलतात. माझं मत असं, की ज्याने आजवर स्टेपनीसुद्धा स्वतः बदललेली नाही त्याने इथून सुरुवात करू नये. बाकी ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे, त्याच्यासाठी समोरचे डिस्क पॅड हे गाडीतल्या सोप्या कामांपैकी एक आहे. फक्त त्यातला जो भाग कंटाळवाणा आहे, तोच खरं काम आहे. गॅरेजात नेमका तोच टाळला जातो, कारण त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही आणि देतही नाही.

पॅड आणायला घाट रोडला गेलो. तिथे ऑटो पार्टची दुकानं आहेत, आणि नुसतं "वॅगन-आरचे पॅड द्या" म्हटलं तर दुकानदार आपल्याकडे दयेने पाहतो. मॉडेल बदललं की पॅडचा आकार बदलतो, म्हणून आरसीचा फोटो सोबत ठेवायचा, शक्य असेल तर जुना पॅडच न्यायचा. काउंटरवर तीन डबे आले. एक गाडीच्याच कंपनीचा, एक ब्रेक बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा आणि एक ज्याच्यावर नाव कमी आणि शेरांची चित्रंच जास्त होती. "हा टॅक्सीवाले नेतात, मस्त चालते," असं तिसऱ्याबद्दल सांगण्यात आलं. पहिल्या आणि तिसऱ्यात फरक होता सहा-सातशे रुपयांचा. दोन वर्षं ज्याच्या भरवशावर पोरांना मागे बसवून काटोल रोडला ऐंशीने जायचं, त्यात सहाशे रुपये वाचवण्यात मला काही राम दिसला नाही. कंपनीचा सेट घेतला. सेट म्हणजे चार पॅड, दोन्ही चाकांचे मिळून. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते, म्हणून हे काम नेहमी जोडीनेच करायचं.

सोबत ब्रेक क्लीनरचा डबा, कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या शिकंजाच्या) पिनांची खास सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेक ऑइलची छोटी सीलबंद बाटली घेतली. मोठा सी-क्लॅम्प इतवारीतल्या लोहाओळीतून आणला. मेडिकलमधून एक मोठी सिरिंज घेतली. मेडिकलवाल्याने सुई पाहिजे का विचारलं, मी ब्रेकसाठी पाहिजे म्हटलं, त्यावर त्याने पुढे काहीच विचारलं नाही.

आमचा लेआउट बेसा रोडकडचा. घरासमोरची जागा अर्धी गिट्टी, अर्धी काळी माती. नागपूरच्या काळ्या मातीवर जॅक लावणं म्हणजे जॅक पुरणं. वरून कडक दिसते, पण पावसाळ्यानंतर आतून लोण्यासारखी असते. वजन आलं की जॅक तिरका होऊन बसतो. म्हणून गाडी शेजारच्या काकांच्या सिमेंटच्या पोर्चमध्ये नेली. काका अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले मशिनिस्ट. गाडी आत घेताना ते पेपर वाचत होते. मी विटा लावायला लागलो तेव्हा चष्मा वर करून म्हणाले, "काहून खोलून राहिला रे? गॅरेजवाले मेले काय सारे?"

"नाही काका, पॅड बदलतो. घरीच."

"हव? मग जॅकवर भरवसा ठेवून खाली घुसू नको, राजा. माणूस राहात नाही." एवढं बोलून त्यांनी पेपर बाजूला ठेवला, आणि पुढचा सगळा वेळ ते प्लास्टिकच्या खुर्चीवर माझ्या खांद्यामागे होते.

काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा, हॅण्डब्रेक वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये. हॅण्डब्रेक मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे समोरचं काम करताना तो ओढलेलाच ठेवायचा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक, मग मजबूत जागी जॅक स्टँड, आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवायचं. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

मुलाला आधीच बजावून ठेवलं होतं, की कॅलिपर खोललेला असताना कोणीही गाडीत बसून ब्रेकवर पाय द्यायचा नाही. समोर डिस्क नसताना पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर निघून येतो, सगळं ऑइल सांडतं, आणि मग टोइंगशिवाय गाडी हलत नाही. दहावीतल्या मुलाला नियम सांगून भागत नाही, म्हणून ड्रायव्हरचं दारच लॉक केलं.

डावं चाक निघालं. स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं होतं, त्यामुळे कॅलिपर हाताशी आला. कॅलिपर म्हणजे डिस्कला कडेने मिठीत घेणारा लोखंडी शिकंजा. आमच्या गाडीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकच, तोही फक्त आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो. मग पूर्ण कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर आतल्या दिशेने सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून दुसऱ्या बाजूने डिस्कवर आणतो. दोन्ही पॅड सारखे झिजायचे असतील तर त्या दोन पिना लोण्यासारख्या सरकल्या पाहिजेत. पिना अडकल्या की सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. आणि आतला पॅड रिमच्या भोकातून दिसत नाही.

खालचा बोल्ट आमच्या गाडीला १४ च्या पान्याने निघाला. बोल्टसोबत पिनही गोल फिरते, म्हणून मागून एक चपटा पाना लावून ती धरावी लागते. मग कॅलिपर वरच्या पिनवर झाकणासारखा वर उचलला आणि तारेने स्प्रिंगला बांधून टाकला. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. नळी आतून फाटली तर बाहेरून कळतही नाही.

बाहेरचा पॅड काढला. निम्मा शिल्लक, जसा टॉर्चने दिसला होता. आतला पॅड काढायला पेचकसाने ढोसावं लागलं. हातात आला तेव्हा काका खुर्चीतून उठले. एका टोकाला चार मिलिमीटर थर, आणि तिथून उतरत उतरत दुसऱ्या टोकाला नखाएवढा पापुद्रा. पत्र्याची जीभ घासून आरशासारखी चमकत होती.

"हा तिरपा खाल्ला," काका म्हणाले. "पिन जाम आहे खालची. पाहा."

पाहिलं. वरची पिन बोटाने मागेपुढे होत होती. खालची हलायलाच तयार नव्हती. पान्याने गोल फिरवत फिरवत, ब्रेक क्लीनर मारत, पुन्हा फिरवत ती हळूहळू बाहेर आली. येताना तिच्यावर काळपट, रबरासारखी घट्ट झालेली ग्रीस होती आणि तळाशी गंजाची लालसर रांगोळी. रबराचा बूट फुगलेला आणि एका बाजूने चिरलेला. मागे कधीतरी कुठल्यातरी गॅरेजात पिनला साधी ग्रीस फासली गेली होती. बेअरिंगला लावतात ती ग्रीस खनिज तेलाची असते, तिने हे रबर फुगतं. फुगलेला बूट नीट बसत नाही, बसला नाही की चिरतो, चिरला की पाणी आत जातं. आमची गाडी पावसाळाभर काटोलकडच्या वावरात जाते. चिखल चाकाच्या आतल्या बाजूला थापून बसतो आणि ओलावा दिवसचे दिवस तिथेच राहतो. एवढ्याने पिन जाम व्हायला पुरे.

म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नवे पॅड टाकून दिले असते आणि पिन तशीच ठेवली असती, तर नवा पॅडही तिरपाच खाल्ला गेला असता. वर्षभरात मी पुन्हा त्याच काउंटरवर उभा असतो, आणि मला सांगितलं गेलं असतं की तुम्ही ब्रेक फार मारता.

पिन बारीक पॉलिश पेपरने घासली. जोर लावून नाही, फक्त गंज जाईल आणि बोटाला खरखर लागणार नाही एवढंच. पिन ज्या भोकात बसते ते भोक साफ करायला बायकोने आणून दिलेला बाटल्या घासायचा बारीक ब्रश कामी आला ("आता हा परत स्वयंपाकघरात आणू नका"). बूट मात्र नवाच पाहिजे होता. मुलगा स्कूटीवर घाट रोडला जाऊन पिन-बूटचं किट घेऊन आला. किंमत ऐकून काका हसले, कारण ज्या वस्तूपायी नऊ हजारांचं एस्टिमेट निघालं होतं ती दोनशे रुपयांत समोरच्या चारही पिनांची मिळाली.

तो येईपर्यंत काकांनी घरातून व्हर्नियर, म्हणजे जाडी बारकाईने मोजायचं साधन, आणला होता. लाकडी पेटीत, मखमलीत ठेवलेला. "डिस्क बदला म्हणाले ना ते? मोजल्याशिवाय कोणी सांगते काय?"

डिस्क किती झिजू शकते ते डिस्कवरच कोरलेलं असतं. काठावर किंवा मधल्या उंचवट्यावर बारीक अक्षरात किमान जाडी लिहिलेली असते. गंजाखाली आमचा आकडा दिसत नव्हता, तारेच्या ब्रशने घासल्यावर वर आला. मी व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या कडेवर लावायला गेलो, तर काकांनी हात धरला. पॅड डिस्कच्या अगदी काठापर्यंत पोचत नाही. त्यामुळे काठाला न झिजलेली एक कड उरते, आणि वरून सरळ मोजलं तर मोजमाप त्या कडेचं येतं, झिजलेल्या भागाचं नाही. डिस्क संपलेली असली तरी आकडा भरतो. काकांनी खिशातून दोन रुपयांची दोन सारखी नाणी काढली. एक डिस्कच्या आतून, एक बाहेरून, कडेच्या खाली सपाट भागावर दाबून धरायला लावली आणि जबडे नाण्यांवर टेकवले. आकडा आला, मग दोन नाण्यांची वेगळी जाडी मोजून त्यातून वजा केली. डिस्क फिरवून फिरवून चार ठिकाणी हेच. कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा आमची डिस्क सव्वा मिलिमीटरने जाड भरली आणि चारही ठिकाणी जवळपास सारखी. बोट फिरवून पाहिलं तर बारीक रेघा होत्या, पण नख अडकेल अशी खाच नव्हती. ब्रेक मारताना स्टिअरिंगही कधी थरथरलं नव्हतं. डिस्क चांगली होती.

चाळीस वर्षांच्या नोकरीत माणसाच्या हाताला काय लागतं ते त्या दोन नाण्यांत पाहिलं. सर्व्हिस सेंटरवर एवढी यंत्रं असतात, दोन नाणी कोणी काढत नाही.

बाकी साफसफाईत एक गोष्ट महत्त्वाची. कॅलिपरवरची काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही, हवेच्या पाइपनेही उडवायची नाही. एकेकाळी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. आता त्यात काय काय आहे ते डोळ्याने कळत नाही, आणि ती धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाहीच. ब्रेक क्लीनर मारून ओली करायची, फडक्याने पुसून ते फडकं फेकून द्यायचं. पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांत बसतात त्या काढून खालचा गंज ब्रशने खरवडला. आतला पॅड काढताना ढोसावं लागलं होतं ते या गंजामुळेच. क्लिपा परत बसवल्यावर नवा पॅड बोटाने ढकलला तर सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर साफसफाई राहिली आहे.

आता पिस्टन मागे ढकलायचा. नवे पॅड जाड, पिस्टन पुढे आलेला, त्यामुळे कॅलिपर तसाच खाली बसत नाही. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलं आणि सिरिंजने थोडं ऑइल काढून घेतलं. पॅड झिजतात तसं डबीतलं ऑइल खाली जातं, आणि सर्व्हिसिंगला कोणीतरी ते वरपर्यंत भरून ठेवतं. पिस्टन मागे ढकलला की तेवढंच ऑइल डबीत परत येतं आणि जास्तीचं बाहेर ओतू जातं. ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटवर पडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, पुसत बसायचं नाही. काढलेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं, नवं पिवळसर पारदर्शक असतं.

या ऑइलबद्दल लोक बेफिकीर असतात म्हणून थोडं थांबतो. ते हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा शिरला की त्याचा उकळणबिंदू खाली येतो. डॉट-३ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरलेलं १४० च्या आसपास उकळू शकतं. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. मेळघाटातून उतरताना लोकांचे ब्रेक "अचानक" लागेनासे होतात त्यातल्या काहींमागे हेच असतं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलायचं, आणि अर्धी वापरलेली बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नाही.

जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवला, त्यावर सी-क्लॅम्प लावला आणि अगदी हळू फिरवला. पिस्टन सरळ मागे गेला, अडखळला नाही. त्याच्याभोवतीचं रबर फाटलेलं नव्हतं. आत एक चौकोनी काठाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबताना ती पिस्टनसोबत किंचित पिळली जाते आणि पाय काढल्यावर परत सरळ होते. तेवढ्यानेच पिस्टन केसभर मागे येतो आणि पॅड सुटतो. ती रिंग कडक झाली की ब्रेक अडकून राहतो. इथे तसं काही नव्हतं. फाटलेलं रबर किंवा अडकणारा पिस्टन दिसला असता तर मी काम तिथेच थांबवून मेकॅनिकला बोलावलं असतं. कॅलिपर खोलून सील बदलणं पोर्चमधलं काम नाही.

पिनांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात, नवे बूट, आणि दोन्ही पिना बोटाने मागेपुढे करून पाहिल्या. हा क्षण खरा समाधानाचा, पॅड बसवण्याचा नाही. जीभ असलेला पॅड जुना होता त्याच बाजूला, पाठीवरच्या पातळ पत्र्याच्या शिम जागच्या जागी, आणि घासणाऱ्या भागाला ग्रीसचं बोट लागलेलं नाही याची खात्री. कॅलिपर खाली, बोल्ट घट्ट, चाक चढवून नट आमनेसामने कसले.

उजवं चाक निम्म्या वेळात झालं. तिथे पिना ठीक होत्या, दोन्ही पॅड सारखे झिजलेले. बूट तरीही बदलले, किटमध्ये होतेच.

मग गाडी सुरू न करता ब्रेकचं पेडल पंप केलं. पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं, कारण पिस्टन मागे गेलेले असतात. पाच-सहा दाबांत ते वर येऊन कडक होतं. हे न करता जो गाडी रिव्हर्सला टाकतो तो गेटला ठोकतो. आमच्या लेआउटमध्ये एका घराच्या गेटला त्याचा पुरावा अजून आहे. ऑइलची पातळी पाहिली, कमाल खुणेच्या थोडी खाली होती, तशीच ठेवली. पेडल पंप करूनही मऊ लागलं असतं तर नळीत हवा आहे असं समजून एअर काढायला गॅरेज गाठावं लागलं असतं, पण नळी आपण खोललीच नव्हती, त्यामुळे प्रश्न आला नाही.

नवे पॅड बसवल्या बसवल्या जोरात ब्रेक मारून "पाहून" घ्यायची लोकांना फार हौस असते. पॅड आणि डिस्क एकमेकांना आधी बसावे लागतात. त्यासाठी पहाटे मिहानकडे गेलो. तिथले रस्ते रुंद आणि त्या वेळेला मोकळे असतात. तरी मागून ट्रक येत नाही ना हे आरशात पाहूनच. पन्नासवरून दहा-पंधरापर्यंत अलगद ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं अंतर तसंच चालवून थंड होऊ द्यायचं, पुन्हा तेच. मध्येच जळका वास येतो, तो घाबरण्यासारखा नसतो. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं, म्हणून थांबायचं नाही. काही फेऱ्यांनंतर पेडलचा चावा बदललेला पायाला जाणवला. पहिले दोन-तीनशे किलोमीटर मी गाडी सावकाश चालवली आणि चाकाचे नट एकदा पुन्हा पान्याने पाहून घेतले.

त्यानंतर काटोलला जाऊन आलो तेव्हा घरी उतरल्या उतरल्या दोन्ही समोरच्या चाकांजवळ हात नेला. रिमला हात लावायचा नाही, चटका बसतो. जवळ नेला तरी कळतं. आधी डावं चाक नेहमी जास्त तापायचं आणि त्याच रिमवर काळी धूळ जास्त बसायची. गाडी धुताना दर आठवड्याला ते दिसत होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नव्हता. आता दोन्हीकडे सारखीच ऊब होती.

मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक मी उघडले नाहीत. त्यातले लायनर, स्प्रिंगा आणि हॅण्डब्रेकचं ॲडजस्टमेंट हे वेगळं प्रकरण आहे. तिथे स्प्रिंग उडून कपाळावर बसते आणि एक जरी उलटी लागली तरी चाक जाम होतं. ते आणि ब्रेक ऑइल बदलणं ओळखीच्या मेकॅनिककडे दिलंय, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर. काकांनी मात्र त्यांच्या गाडीचं चाक खोलायला मला रविवारी बोलावलंय. व्हर्नियर ते आणतील, पिनची ग्रीस माझी.